विलायती गाडीचं डावं चाक

माझं लेथचं दुकान तेव्हा नाचणे रस्त्याला होतं. मुंबईत सहा वर्षं टर्नरचं काम केलं, कारखाना बंद पडला आणि मी रत्नागिरीला परत आलो. मिरकरवाडा बंदरातल्या होड्यांचे शाफ्ट, पाण्याच्या पंपांचे बुश, भाताच्या गिरणीचे झिजलेले रूळ अशी कामं यायची. माणसं वस्तू ठेवून जायची, दोन दिवसांनी घेऊन जायची. त्या कामांत कुणाच्या जिवाला धोका होईल असं काही नव्हतं. निदान मला तसं वाटायचं.

होड्यांची कामं मला मिळवून दिली ती चीफसाहेबांनी. ते एका व्यापारी जहाजावर चीफ इंजिनिअर होते आणि वेळेआधीच निवृत्त होऊन घरी आले होते. सगळं गाव त्यांना चीफसाहेब म्हणायचं. मी नवीन होतो तेव्हा त्यांनी बंदरावर चार होडीवाल्यांना सांगितलं, "या पोराच्या हाताला माप आहे." तेवढ्यावर माझं दुकान उभं राहिलं. पुढे जे झालं त्याला हे एक कारण आहे म्हणून आधीच सांगतो.

चीफसाहेबांनी मुंबईहून एक गाडी आणली. दोन माणसांची, उघडी, जमिनीला टेकेल इतकी ठेंगणी. वीसेक वर्षांपूर्वीची विलायती. रंग बाटलीसारखा हिरवा आणि चाकं सायकलीसारखी तारांची. शर्यतीत पळणाऱ्या गाड्यांच्या घराण्यातली आहे, असं ते सांगायचे. रत्नागिरीत तेव्हा खाजगी गाड्याच बेताच्या, त्यात ही. ती बाजारातून जायला लागली की दुकानदार फळीवरून उतरून बाहेर यायचे.

पण लोक जास्त बघायचे ते चालवणाऱ्याकडे. चीफसाहेबांना एकच मुलगी. बँकेत नोकरीला होती, चोवीस-पंचवीसची. त्यांनी तिला सड्यावर गाडी शिकवली होती. सडा म्हणजे आमच्याकडचं कातळाचं मोकळं माळरान. तिथे आपटायला झाडही नाही. सहा महिन्यांत ती वडिलांपेक्षा चांगली चालवायला लागली. हे मी म्हणत नाही, ते स्वतः म्हणायचे. "माझा हात जहाजाचा. तिचा हात गाडीचा," असं अभिमानाने सांगायचे. बाई गाडी चालवते म्हणून कुणी काही बोललं, तर ते त्याला तिथल्या तिथे गप्प करायचे.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला हातखंब्याच्या तिठ्याजवळ मागचं डावं चाक खड्ड्यात आदळलं. तारा तुटल्या, रिम चिरली. स्टेपनी गाडीबरोबर आलीच नव्हती. चीफसाहेबांनी मुंबईला पत्रं लिहिली, ओळखीच्या माणसाला भंगार बाजारात पाठवलं. तसलं चाक कुठेच मिळेना. गाडी महिनाभर त्यांच्या अंगणात विटांवर उभी होती.

एक दिवस ते मोडकं चाक रिक्षात टाकून माझ्याकडे आले. दुसऱ्या हातात टॅक्सीचं जुनं चाक.

"मेस्त्री, हे तिथे बसव."

मी दोन्ही चाकं शेजारी ठेवली. तारांच्या चाकाला मधोमध दातेरी भोक असतं, ते धुरीच्या दात्यांवर सरकतं आणि वरून एकच मोठा नट लागतो. टॅक्सीच्या चाकाला पाच बोल्ट. दोघांचा काही संबंध नाही. पण मोडक्या चाकाचा मधला दातेरी गाभा शाबूत होता. तो कापून घ्यायचा, लेथवर साफ करायचा, त्यावर जाड पोलादी तबकडी वेल्ड करायची, तबकडीत पाच बोल्ट बसवायचे. बघता बघता काम माझ्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. खरं सांगायचं तर अंगावर रोमांच आले. बुश आणि शाफ्ट करून कंटाळलो होतो.

तरी मी एक गोष्ट केली. टायरला खडूची खूण केली, टॅक्सीचं चाक फरशीवर एक फेरा गडगडवलं आणि टेपने मोजलं. मग त्यांच्या अंगणात जाऊन गाडीचं चांगलं चाक मोजलं. एका फेऱ्यात टॅक्सीचं चाक चार बोटं जास्त जात होतं.

"साहेब, एक चाक मोठं आणि एक लहान होईल. दोन्हीकडे टॅक्सीचीच लावूया."

"दुसऱ्या बाजूला गाभा कुठून आणशील?"

"उजवं चाक कापायला लागेल."

"चांगलं चाक कापू? वेडा आहेस काय?" ते हसले. "अरे, मागच्या दोन चाकांच्या मध्ये डिफरन्शियल कशाला असतो? वळणावर बाहेरचं चाक जास्त फिरतं, आतलं कमी. त्याची सोय म्हणूनच ना? चार बोटांचा फरक तो सहज पोटात घेईल."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. साध्या गाडीच्या बाबतीत बरोबर होतं. ही गाडी साधी नव्हती, हे त्यांनाही माहीत नव्हतं आणि मलाही. आणि असतं तरी, आयुष्यभर समुद्रावर अजस्र इंजिनं सांभाळलेल्या माणसाला मी काय शिकवणार?

तो गाभा मी चार दिवस घासत होतो. तबकडी इतकी सरळ बसली की चाक फिरवल्यावर केसाइतकंही डुलत नव्हतं. चीफसाहेबांनी पाठीवर थाप मारली. मी घरी जाऊन बायकोला दोनदा सगळं सांगितलं. आयुष्यात तसं काम मी त्याआधी केलं नव्हतं.

पंधराएक दिवसांनी त्यांची मुलगी बँकेतून येताना दुकानात डोकावली.

"मेस्त्री, गाडी उजवीकडे ओढते. स्टेअरिंग सतत थोडं डावीकडे धरून ठेवावं लागतं."

"हवा बघितलीत?"

"बघितली. आणि अजून एक. पाय दाबलेला असला की उजवीकडे ओढते, पाय उचलला की एकदम डावीकडे झेप घेते. बाबांना सांगितलं. ते म्हणतात, तुझा हात सैल पडतो."

मी म्हटलं, गाडी आत घ्या, बघतो. चाक बघितलं, ते सरळ होतं. माझं काम चोख होतं, आणि त्याच समाधानात मी बाकी काही बघितलं नाही. दुसऱ्या खेपेस ती आली तेव्हा उजव्या मागच्या टायरची नक्षी साफ गेली होती, दोन महिन्यांत. गाडीखालून जळक्या तेलाचा वास येत होता. मी खाली शिरलो, डिफरन्शियलचं तेल डब्यात काढलं. काळं पडलेलं, आणि त्यात धातूचा बारीक चकचकीत भुगा. झाकण खोलून टॉर्च मारला आणि मला कळलं.

साध्या गाडीत एक चाक चिखलात गेलं की ते नुसतं गरगर फिरतं आणि दुसरं जागचं हलत नाही. शर्यतीच्या गाडीला ते परवडत नाही, म्हणून तिच्या डिफरन्शियलमध्ये चकत्यांची जोडणी असते. त्या चकत्या एकमेकींना घट्ट दाबून धरतात आणि दोन्ही चाकांना बरोबरीने फिरायला लावतात. वळणापुरत्या त्या थोड्या घसरतात, तेवढंच. आमच्या गाडीत मात्र एक चाक मोठं, एक लहान. सरळ रस्त्यावरही दोन्ही कधी बरोबरीने चालू शकत नव्हती. चकत्या त्यांना एकत्र फिरवायला बघत होत्या, चाकं ऐकत नव्हती. डावं पुढे रेटत होतं, उजवं मागे ओढत होतं, म्हणून गाडी उजवीकडे जायची; पाय उचलला की ती ओढ सुटायची आणि डावीकडे धरलेलं स्टेअरिंग तिला तिकडे फेकायचं. रस्ता कोरडा होता तोवर गाडी ते सहन करत होती. पण टायरची रस्त्यावरची पकड काही अमर्याद नसते. या दोघांच्या भांडणात निम्मी आधीच संपत होती. ओल्या रस्त्यावर उरणार काय?

हे मला त्या दुपारी, गाडीखाली उताणा पडलेला असताना समजलं. पूर्ण समजलं.

संध्याकाळी चीफसाहेब गाडी न्यायला आले. मी म्हटलं, "तेल जळलं होतं साहेब, बदललंय. आत थोडी झीज आहे. ते चाक… जरा जपून चालवा. पावसात नको."

"बरं बरं," म्हणाले, आणि घेऊन गेले.

मी एवढंच बोललो. 'ही गाडी अशी रस्त्यावर जाता कामा नये' असं बोललो नाही. 'चाक मी काढून घेतो' असं म्हटलं नाही. म्हटलं असतं तर माझं ते सुंदर काम मलाच खोटं पाडायला लागलं असतं. आणि चीफसाहेबांना, ज्यांच्या एका शब्दावर माझं दुकान चालत होतं, त्यांना तोंडावर सांगायला लागलं असतं की तुम्ही चुकलात. मी 'जपून' हा शब्द वापरला आणि सुटलो.

पावसाच्या दिवशी ते गाडी बाहेर काढत नसत; भाद्रपदात, गौरी-गणपती होऊन गेल्यावर, उघडीप बघून बापलेक गणपतीपुळ्याला गेले. परतताना निवळीच्या बाजूच्या चढावर एक सर येऊन गेली होती. रस्ता नुसता ओला, पाणी वाहत होतं असंही नाही. मुलगी चालवत होती. डावीकडचं वळण, चढ, म्हणून तिचा पाय दाबलेला. गाडी उजवीकडे सरकायला लागली, समोरच्याच्या बाजूला. समोरून चिऱ्यांचा ट्रक आला. तिने पाय उचलला. गाडीने डावीकडे झेप घेतली, मागची बाजू फिरली, आणि डावं अंग डोंगर कापून काढलेल्या कातळावर जाऊन आदळलं. डाव्या बाजूला चीफसाहेब बसले होते.

त्यांची मांडी मोडली. मुलीच्या कपाळाला चार टाके पडले.

ट्रकवाला भला माणूस. त्यानेच दोघांना इस्पितळात आणलं. पण त्याने बघितलं तेच सांगितलं, "बाई आमच्या बाजूला आली, मग घाबरली." दुसऱ्या दिवशी सगळ्या गावात तेच. न्हाव्याच्या दुकानात माझी दाढी चालू होती आणि शेजारच्या खुर्चीतला म्हणत होता, "बायकांच्या हातात गाडी दिल्यावर दुसरं काय होणार?" माझ्या गालावर वस्तरा होता. मी हललो नाही. दाढी झाली, तरी बोललो नाही.

गाडी ट्रकवर घालून माझ्या दुकानामागच्या शेडमध्ये आणून टाकली होती. मी तिच्याकडे जात नव्हतो. बायकोने दोन दिवस बघितलं, मग विचारलं, "जेवत का नाय तुम्ही?"

मी तिला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती, थांबली नाही. म्हणाली, "मग त्या मुलीला कोणी सांगितलं काय हे?"

"नाही."

"म्हणजे तिला वाटत असणार, बापाचा पाय आपण मोडला."

तरीही मी तीन आठवडे घेतले. मधे एकदा चीफसाहेबांना भेटायला घरी गेलो. पाय प्लास्टरमध्ये, उशांवर ठेवलेला. चार माणसं भोवती बसली होती आणि ते हकीकत सांगत होते. रागावून नव्हे, उलट सांभाळून घेतल्यासारखं. "पोर आहे. समोर ट्रक दिसला, बावरली. चूक माझीच, मी तिला घाटात चालवायला द्यायला नको होती." माणसं माना हलवत होती. मुलगी चहाचा ट्रे घेऊन आली. कपाळावरची पट्टी निघाली होती, जखम ताजी होती. तिने प्रत्येकापुढे कप ठेवला. माझ्यापुढे ठेवताना तिने माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. माझ्या हातात कप थरथरला आणि बशीत चहा सांडला. मी 'दुकान उघडं टाकून आलोय' असं काहीतरी पुटपुटून उठलो.

बँकेत ती आता एस.टी.ने जायला लागली होती. स्टँडवर तिला उभी बघून मी दोनदा रस्ता बदलला.

शेवटी एका सकाळी शेडमध्ये गेलो आणि डिफरन्शियल खोलला. चकत्या उष्णतेने निळ्या पडल्या होत्या. दोन तर एकमेकींना चिकटून एकच झाल्या होत्या. मी त्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या, सोबत टेप घेतली आणि चालत त्यांच्या घरी गेलो. चीफसाहेब ओटीवर आरामखुर्चीत होते, प्लास्टरमधला पाय स्टुलावर. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, आत होत्या. मी म्हटलं, "ताईंना पण बोलवा." ती येऊन दाराच्या चौकटीशी उभी राहिली.

मी चकत्या टिपॉयवर ठेवल्या. चीफसाहेबांनी एक उचलली, अंगठ्याने घासली, उजेडाकडे धरली. त्यांना समजावून सांगायची गरजच नव्हती. यंत्रात जन्म गेलेला माणूस. निळा रंग बघूनच त्यांचा चेहरा उतरला.

"चकत्यांचा डिफरन्शियल होता हा," ते हळूच म्हणाले.

"होय साहेब. चाकांच्या फरकामुळे गाडी ओढत होती. ताईंचा हात सैल नव्हता. कुणीही चालवली असती तरी त्या वळणावर हेच झालं असतं."

"तुला कधी कळलं?"

हा प्रश्न येणार, हे मला वाटेत माहीत होतं. उत्तर खोटं देता आलं असतं. काल कळलं म्हटलं असतं तर कुणाला समजणार होतं?

"तेल बदललं तेव्हा. पावसाच्या आधी."

"आणि तू मला जपून चालवा म्हणालास." त्यांचा आवाज चढला. "जपून! माझी पोर त्या गाडीत बसत होती! तुला बोलायला काय झालं होतं?"

 तेवढ्यात दाराशी उभी असलेली मुलगी बोलली.

"मी बोलले होते ना, बाबा."

चीफसाहेबांनी मान वळवून तिच्याकडे बघितलं.

"दर वेळी बोलले. गाडी ओढते म्हणून. तुम्ही म्हणालात, हात सैल पडतो. अपघात झाल्यावरही इस्पितळात पहिल्यांदा तेच सांगितलं मी. तुम्ही नर्सला म्हणालात, घाबरली आहे, तिला झोपेची गोळी द्या."

 चकती चीफसाहेबांच्या हातातच होती. त्यांनी ती टिपॉयवर ठेवली आणि तोंड अंगणाकडे वळवलं. माफी मागायची त्यांना सवय नव्हती, किंवा जहाजावर कधी लागली नसेल. त्या दिवशी तरी त्यांनी ती मागितली नाही.

मुलगी मला फाटकापर्यंत सोडायला आली.

मी म्हटलं, "ताई, मी लवकर यायला हवं होतं."

"हो," ती म्हणाली. "यायला हवं होतं." मग जरा थांबून, "त्या दिवशी तुमच्या हातातला कप हलला ना, तेव्हाच मला कळलं, तुम्हाला माहीत आहे. म्हणून वाट बघत होते. माझं मी सांगून झालं होतं, माझं कुणी ऐकत नव्हतं. तुमचं ऐकतील असं वाटलं."

ती रागावून बोलली असती तर मला सोपं गेलं असतं.

त्यानंतर चीफसाहेबांनी ती हकीकत सांगायचं बंद केलं. पण जी सांगून झाली होती ती गावात फिरतच राहिली. मी जिथे विषय निघेल तिथे खरं सांगायचो: चाकाचा दोष होता, आणि ते चाक मी बसवलं होतं. लोक ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "तू चांगला आहेस म्हणून त्या पोरीचं झाकतोस." चकत्या, चार बोटं, ओला रस्ता यांत कुणाला गोडी नव्हती. बाई घाबरली, ही गोष्ट सोपी होती.

दिवाळीनंतर एका रविवारी मुलगी दुकानात आली. "मेस्त्री, तुमचा टेम्पो सड्यावर न्याल? मला चालवून बघायचंय."

अवजड शाफ्ट पोचवायला मी एक जुना टेम्पो घेतला होता, तो नेला. बायकोलाही बरोबर घेतलं. कातळावरचं गवत वाळून पिवळं पडलं होतं. ती चाकामागे बसली, पहिला गिअर टाकला, दुसरा टाकला. पाच मिनिटं उत्तम चालवलं. मग वाटेला डावीकडे वळण आलं, साधं, सपाट. तिने स्टेअरिंग इतकं आवळलं की बोटं पांढरी झाली, आणि टेम्पो तिथेच थांबवला.

"ओढत नाहीये हा," ती म्हणाली. "मला कळतंय, ओढत नाहीये. पण हात ऐकत नाहीत."

माझ्या बायकोने तिच्या खांद्यावर हात ठेवला.  मग तिने पुन्हा सुरू केला आणि ते वळण पार केलं, पायी चालणाऱ्याच्या वेगाने. एकूण चार-पाच रविवार ती आली. शेवटच्या रविवारी ती टेम्पो सड्यावरून खाली रस्त्यापर्यंत घेऊन आली. मुख्य रस्त्यावर मात्र तिने तो कधी घातला नाही. पुढच्या वर्षी तिची मुंबईला बदली झाली. बदली मागून घेतली होती, असं काकूंनी नंतर सांगितलं.

चीफसाहेब काठी घेऊन चालायला लागले. माझ्याकडे येणं त्यांनी पूर्वीसारखं ठेवलं नाही, पण बंदरावरच्या होडीवाल्यांना माझ्याविरुद्ध एक शब्दही सांगितला नाही. एकदाच रस्त्यात भेटले तेव्हा म्हणाले, "ती पत्रात माझ्या पायाची चौकशी करते. गाडीबद्दल काही लिहीत नाही." मी म्हटलं, "तुम्ही लिहा." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि काठी टेकत पुढे गेले. त्यांनी लिहिलं की नाही, मला माहीत नाही.

पुढे जीपवाले, टेम्पोवाले यायचे. हे चाक तिथे बसव, तो टायर इथे घाल. मी आधी खडूची खूण करून दोन्ही चाकं मोजायचो आणि फरक निघाला तर गाडी साधी असली तरी 'नाही' म्हणायचो. कारणही सांगायचो. बहुतेक जण चिडून जायचे आणि पुढच्या दुकानात करून घ्यायचे. एक जीपवाला तर दुसऱ्या दिवशी मुद्दाम माझ्या दारात गाडी उभी करून म्हणाला, "बघा, चालतेय की नाही?"

चालत होती. कोरडा रस्ता होता. मी त्याला म्हटलं, "पाऊस पडला की चाक काढा." तो हसत निघून गेला, आणि जीप वळणाआड जाईपर्यंत मी तिच्या मागच्या चाकांकडे बघत उभा राहिलो.